सासू-सासरे सहा महिने इंग्लंडला येताहेत: एनएचएसचं बिल कोणाच्या नावावर?

शेवंती
सासू-सासरे (68 आणि 72) पुण्याहून लेस्टरला व्हिजिटर व्हिसावर येताहेत. सासऱ्यांना दोन स्टेंट आहेत, सासूबाईंना मधुमेह. आम्ही दोघं इथे कर भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो, व्हिसाच्या वेळी एनएचएससाठीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा, हेल्थ सरचार्जही भरलाय. त्यांच्याकडून मात्र सरचार्ज मागितलाच नाही. मग त्यांचे उपचार आमच्या हक्कात बसतात का? ओळखीतले म्हणतात, जीपीकडे (भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव घातलं की झालं. आणि मुळात हा खर्च कोणी उचलायला हवा?

टेम्सकाठ
नाही बसत. सरचार्ज ज्याच्या नावाने भरला, त्याच्यापुरताच. 6 फेब्रुवारी 2024 पासून प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड आणि विद्यार्थी व 18 वर्षांखालच्या मुलांना 776 असा दर आहे. इथे येताना तो सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसालाच लागतो, म्हणून त्यांच्याकडून मागितला नाही. स्वतःहून भरायची सोयही नाही. व्हिजिटर व्हिसा दहा वर्षांचा असला तरी हेच.

रुग्णालय बघतं ते एवढंच, की माणूस इथे कायदेशीररीत्या, स्थिर होऊन राहतो का. कर किती भरला याचा संबंध नाही. ब्रिटिश पासपोर्ट असलेला माणूस पुण्यात स्थायिक झाला असेल, तर इथे सुट्टीवर आल्यावर त्यालाही बिल येऊ शकतं.

जीपीचं म्हणाल तर नाव नोंदवणं मोफत, तपासणीही मोफत. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला तात्पुरती नोंद, त्याहून जास्त असेल तर नेहमीची. पण एनएचएस नंबर हातात आला म्हणजे रुग्णालय मोफत झालं, असं नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

सासऱ्यांच्या छातीत रात्री दुखलं आणि ए अँड ईत (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात) नेलं, असं धरा. तिथला ईसीजी, ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली का हे सांगणारी) रक्ततपासणी, दिलेली औषधं यांचे पैसे नाहीत. ट्रोपोनिन वाढलेलं आलं आणि वॉर्डात भरती केलं, की त्या क्षणापासून सगळं बिलात, अँजिओग्राफी धरून. घरी सोडून पुढे ओपीडीची तारीख दिली तर ती ओपीडीही बिलात. दर एनएचएसच्या नेहमीच्या दराच्या 150 टक्के. भारताशी परस्पर उपचारांचा करार नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी आहे. क्षयरोग, मलेरिया, एचआयव्ही यांचं निदान आणि उपचार मात्र सगळ्यांना मोफत, कारण त्यात आजूबाजूच्यांचाही जीव गुंतलेला असतो.

हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे आहेत.

ओवाळणी
वरच्यात एक भर घालते, कारण बिलाच्या भीतीने लोक घरीच थांबतात आणि तेच जिवावर बेतू शकतं. उपचार किती तातडीचे हे डॉक्टर ठरवतात, बिलाची खिडकी नाही. तत्काळ गरजेचे उपचार आणि परत जाईपर्यंत थांबता येणार नाहीत असे उपचार, पैसे आधी दिले नाहीत म्हणून अडवता येत नाहीत. बिल मागाहून येतं. प्रसूतीसंबंधीचे सगळे उपचार पहिल्या गटात. गुडघ्याचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन यासारखं, थांबू शकतं असं काही असेल, तर ऑक्टोबर 2017 पासून अंदाजे पूर्ण रक्कम आधी भरावी लागते. म्हणून परतीच्या तिकिटाची तारीख डॉक्टरांना नक्की सांगा. 'थांबू शकतं की नाही' हे तिच्यावरच ठरतं.

बिल 500 पौंड किंवा जास्त असेल आणि दोन महिने थकलं, तर गृहखात्याला कळवलं जातं आणि पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. बिल आल्याबरोबर रुग्णालयाच्या ओव्हरसीज व्हिजिटर टीमला (परदेशी रुग्णांची बिलं बघणाऱ्यांना) लेखी कळवून हप्ते बांधून घ्या. ठरलेले हप्ते वेळेवर जात असतील तर तशी नोंद जात नाही.

शेवंती
आणि भरती करताना आमच्याकडून सही मागितली तर?

ओवाळणी
बिलाची जबाबदारी कायद्याने रुग्णाची, मुलगा-सुनेची नाही. 'मी पैसे भरीन' अशा हमीपत्रावर सही केलीत तर मात्र तुम्ही अडकता. कागद वाचा, रुग्णाचं नाव-पत्ता खरा द्या. सही केली नाही म्हणून तातडीचे उपचार थांबत नाहीत.

सह्याद्रीवारा
म्हणजे विमा काढल्याशिवाय विमानात बसवू नका. पण तोही डोळे उघडे ठेवून. 'आधीपासूनचा आजार' हे कलम आधी वाचा. स्टेंट लपवलेत तर हृदयाचा क्लेम बहुतेक बुडतोच. सांगितलेत तरी बऱ्याच पॉलिसी अशा आजारात फक्त जीव वाचवण्यापुरता खर्च देतात, तोही मर्यादेत. मोठी विमा रक्कम बघून भुलू नका. साठीनंतरच्या प्रवाशांना खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांवर वेगवेगळ्या उपमर्यादा असतात. भरती होताच हेल्पलाइनला फोन करून क्लेम नंबर घ्या, उशिरा कळवलं हे नाकारायचं सोपं कारण आहे. डिस्चार्ज समरी आणि तपशीलवार बिल दोन्ही मागून घ्या.

औषधं पूर्ण मुक्कामाची आणा. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचं नाव टाईप करून घ्या, इथला जीपी भारतातले ब्रँड ओळखत नाही. सासूबाईंना मधुमेहाच्या पायदुखीसाठी प्रीगाबॅलिन चालू असेल तर डॉक्टरांचं पत्र बरोबर हवंच, आणि साठा तीन महिन्यांचा किंवा जास्त असेल तर परवानाही, कारण ते इथे नियंत्रित औषध आहे.

टेम्सकाठ
पैसे कोणी भरावेत, तर माझ्या मते पाहुण्याने, विम्यातून. ही व्यवस्था इथे राहणाऱ्यांच्या करावर चालते आणि त्यांनाच महिनोन्‌महिने रांगेत थांबावं लागतं.

कोकणकडा
तत्त्व मान्य, पण दीडपट दर नाही पटत. खर्च भरून घ्या, वर पन्नास टक्के कशाला? आणि चौघांचं कुटुंब पाच वर्षांच्या व्हिसाला 18,110 पौंड सरचार्ज भरतं, कर वेगळाच. त्यांच्या आईवडिलांसाठी सरकारने एखादी अल्पमुदतीची ऐच्छिक वर्गणी ठेवली तर बुडीत बिलंही कमी होतील.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात) 2018 मध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं तेव्हा सिंधुदुर्गात केवढा संताप झाला होता. तिथेही प्रश्न हाच होता. पण दोडामार्गच्या माणसाला जवळचं मोठं रुग्णालय दुसरं नव्हतं. लंडनला हौसेने येणाऱ्याला निदान विमा काढायला वेळ तरी असतो.