हॅमस्ट्रिंग बरा झाला, पण खो मिळाल्यावर पहिला झटका येत नाही

दादरची पाटी
आमच्या खो-खो मंडळातली १७ वर्षांची आक्रमक आहे. उजव्या हॅमस्ट्रिंगला (मांडीच्या मागच्या स्नायूला) दुसऱ्या ग्रेडची इजा झाली, म्हणजे तो अर्धवट फाटला, त्याला आता सात आठवडे झाले. चालताना, जिना चढताना, मैदानाला फेऱ्या मारताना काही दुखत नाही. पण खो मिळाल्यावर पाटीवरून उठताना पहिली तीन-चार पावलं सुटत नाहीत, आणि खांबाजवळ ती आपोआप वेग आवरते. फेऱ्या वाढवू की सामन्यात उतरवू?

फिजिओ_परळ
दोन्ही नको. पाय पुढे फेकला गेल्यावर, जमिनीला टेकण्याच्या आधी, हॅमस्ट्रिंग ताणलेल्या अवस्थेत त्याला ब्रेक लावतो. हा भार संथ धावण्यात फारसा येत नाही. ८० टक्के वेगाच्या पुढे तो झपाट्यानं चढतो. म्हणून फेऱ्या बिनदुखीच्या झाल्या, तरी स्नायू तयार आहे असं त्यातून कळत नाही.

आधी तपासा. उताणं झोपून एक टाच ६० सेंटिमीटर उंच बाकावर, गुडघा किंचित वाकलेला, कंबर वर-खाली. २५ च्या आसपास व्हायला हव्यात, आणि दोन पायांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. मग गुडघा सरळ ठेवून झोपल्या झोपल्या पाय झपकन वर फेकायला सांगा, आधी डावा. उजव्याला दुखलं नाही पण ती कचरली, तरी अजून थांबायचं.

ताकदीसाठी नॉर्डिक, आठवड्यातून दोनदा: ५ चे २ सेट, चार-पाच आठवड्यांत ८ चे ३. गुडघ्यांवर उभी राहील, जोडीदार घोटे दाबून धरेल, आणि ती जमेल तितकी हळू पुढे झुकेल. कंबरेतून वाकली की सगळा भार निसटतो; बरीच मुलं इथंच चुकतात, लक्ष ठेवा.

स्टार्टिंग_ब्लॉक
तपासणीत पास झाली की धावणं असं: १५ मीटर वेग वाढवत, १० मीटर तोच वेग, १५ मीटर हळूहळू थांबत. सुरुवात ६० टक्क्यांनी, ६ वेळा. धावताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तरच पुढच्या वेळी १० टक्के वाढवा. मध्ये ४८ तास हवेतच. ९० टक्के जमलं की वेग वाढवायचं अंतर १५ वरून १० आणि मग ५ मीटरवर आणा. खो-खोला हेच लागतं.

८५ टक्क्यांच्या पुढे दोन धावांमध्ये किमान दोन-तीन मिनिटं विश्रांती. आपल्याकडे दम लागला नाही तर सराव झाला नाही असं मानतात, पण थकल्या पायानं वेग शिकता येत नाही. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये १० मीटरची वेळ मोजा. चांगल्या धावेपेक्षा वेळ ५ टक्क्यांनी वाढली की त्या दिवशी बंद.

दादरची पाटी
धन्यवाद. सध्या शिवाजी पार्कात चिखल आहे. जुहूच्या वाळूवर घेऊ का?

स्टार्टिंग_ब्लॉक
वेगासाठी नको. वाळूत पाय रुततो, जमिनीवर जास्त वेळ टेकून राहतो. झटक्याला नेमकं उलट हवं. शिवाय ओल्या वाळूला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे एक पाय कायम खाली. प्रियदर्शिनी पार्कचा सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर उत्तम, नाहीतर मॅटच्या हॉलमध्ये घ्या. मॅट पाय घट्ट धरते, म्हणून तिथं थांबण्याचा सराव आधी अर्ध्या वेगानं.

फिजिओ_परळ
आणि क्रम पाळा: सरळ धाव, मग पाटीवरून उठून ५ मीटर, मग खांबाचं वळण. सूर सगळ्यात शेवटी, कारण त्यात कंबर वाकलेली आणि गुडघा सरळ असताना स्नायू एकदम ताणला जातो. मध्येच सुई टोचल्यासारखं झालं तर त्याच क्षणी थांबवा, ‘एवढी एक धाव होऊ दे’ नको.