वरच्या मानेचं ऑपरेशन (पहिला-दुसरा मणका): आईसाठी निर्णय घ्यायचाय, अनुभव सांगा

बार्शीकर

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, आमवात १८ वर्षांपासून. गुडघा बदलायचा ठरला होता, तारीखही मिळाली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मानेचे एक्स-रे मागितले, एक मान पुढे वाकवून आणि एक मागे नेऊन. आम्हाला वाटलं, गुडघ्यासाठी मान कशाला? त्यात निघालं की पहिला मणका दुसऱ्यावरून पुढे सरकतोय. अंतर ८ मिलिमीटर, मोठ्या माणसात ३ पर्यंत ठीक असतं म्हणाले. आता न्यूरोसर्जन म्हणतात गुडघा नंतर, आधी मान. मागच्या बाजूनं स्क्रू घालून दोन्ही मणके जोडायचे.

आईची मान दुखते, डोक्याच्या मागं ठणकतं, पण ती चालते-फिरते, स्वयंपाक करते. ती हट्टाला पेटलीय, "मला काही झालं नाही, मानेला हात लावू देणार नाही." मामा म्हणतात लकवा मारतो. इकडे शेजारच्या एकाचं मानेचंच ऑपरेशन झालं, तो तिसऱ्या दिवशी घरी आला आणि महिन्यात दुकानावर बसला. मग आईचंच एवढं अवघड का सांगतात? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा. सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय, काय विचारू?

शिवणवाली_फलटण

दादा, माझं हेच ऑपरेशन झालंय, येत्या आषाढात सहा वर्षं होतील. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी शेजाऱ्यांचं. त्यांचं बहुतेक खालच्या मानेचं असणार, गळ्याच्या बाजूनं चकती काढतात ते. तेही ऑपरेशनच, पण आईच्या ऑपरेशनाशी त्याची तुलना करू नका. मला वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जात्यावरून समजावलं होतं. जात्याच्या खालच्या दगडात मधोमध खिळा असतो आणि वरचा दगड त्याभोवती फिरतो. दुसऱ्या मणक्याला तसाच एक सुळका असतो, त्याभोवती पहिला मणका डोक्यासकट फिरतो. सुळक्याला जागेवर धरून ठेवणारा एक पट्टा असतो. आमवातात तो पट्टा झिजतो, सैल होतो. माझ्यात सुळकाच मणक्याला जोडलेला नव्हता, सुटा तुकडा होता. कारण वेगळं, पण परिणाम एकच: मान वाकवली की मज्जारज्जू दबतो.

आई चालतेय म्हणून थांबावं असं तुम्हाला वाटत असेल. माझं ऐका, मीही चालतच होते. आधी सुईत दोरा जाईना. मग ब्लाऊजचे हुक लागेनात. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मला चार पावलं गेल्यावर कळायचं. मान खाली घातली की पाठीतून करंट जायचा. वर्षभर मला "मणक्यात गॅप" म्हणून गोळ्या आणि पट्टा दिला. शेवटी एकाकडे मान बसवून घ्यायला गेले, त्यानं हनुवटी धरून झटका दिला आणि त्या रात्री दोन्ही हात लाकडासारखे झाले. आईच्या मानेला मालीशवाला, मान बसवणारा, कुणीही असो, हात लावू देऊ नका. एवढं एक आजच करा.

माझ्या सर्जननी ऑपरेशनाआधी एक वाक्य सांगितलं होतं, ते मी अजून धरून आहे: हे ऑपरेशन आहे ते वाचवण्यासाठी, गेलेलं परत येईल तेवढं येईल. माझं चालणं चार-पाच महिन्यांत सुधारलं. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, बारीक सुई मी मुलीकडून ओवून घेते. आईचं अजून काही गेलेलं नाही, म्हणजे तिच्याकडे वाचवण्यासारखं माझ्यापेक्षा जास्त आहे.

आता जे मला आधी कुणी नीट सांगितलं नाही ते. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो, त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं या एकाच सांध्यात होतं. तो जोडला की ते गेलं. मी रस्ता ओलांडताना अख्खी वळते. स्कूटी सोडून दिली. शिवणयंत्र खिडकीकडे तोंड करून लावलं, गिऱ्हाईक दारातून आलं की समोर दिसावं म्हणून. सवय होते, पण आईला हे सहीच्या आधी माहीत हवं. आणि डॉक्टरांना हे नक्की विचारा: फक्त दोन मणके जोडणार की कवटीही जोडणार? कवटी जोडली तर होकारार्थी मान हलवणंही जातं, जिना उतरताना पाय दिसत नाहीत.

दुसरा प्रश्न रक्तवाहिनीचा. मेंदूकडे जाणारी एक एक रक्तवाहिनी या मणक्यांच्या दोन्ही अंगानं वर चढते आणि प्रत्येकाच्यात तिची वाट थोडी वेगळी असते. माझ्या स्क्रूची जागा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी तपासणी, बघून ठरवली. आईची झालीय का? नसेल तर का नाही, हे विचारायला संकोच करू नका.

भुलीचंही आईला आधी सांगून ठेवा. अशी मान मागे ताणून श्वासाची नळी घालता येत नाही. मला घसा बधिर करून, अर्धवट जागं ठेवून नाकातून दुर्बिणीनं घातली. कल्पना नसल्यानं मी खूप घाबरले. नंतर पालथं झोपवून करतात. हाडं जुळावीत म्हणून कमरेच्या हाडाचे तुकडे घेतले, तर पहिले तीन आठवडे मानेपेक्षा कंबरच जास्त दुखली. डोक्याच्या मागचा तळहाताएवढा भाग आजही बधिर आहे, कंगवा फिरवलेला कळत नाही. गळपट्टा तीन महिने.

आई मशेरी लावते का? लावत असेल तर आजपासून बंद. तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागतो, स्क्रू ढिले पडू शकतात. मी पण लावायचे.

मामांना सांगा, लकव्याची भीती खोटी नाही. मज्जारज्जू, रक्तवाहिनी, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हे सगळं माझ्या संमतीपत्रावर होतं आणि मी ते वाचून सही केली. पण सरकणारी मान तशीच ठेवून गाडीनं एक जोराचा धक्का खाल्ला तर? तोही धोकाच आहे. आणि ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. पहिल्या-दुसऱ्या मणक्यात स्क्रू आणि पट्टी बसवायची पद्धत मुंबईच्या केईएममधल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मांडली. पुढे २००१ मध्ये जर्मनीच्या डॉ. हार्म्स यांनी पट्टीच्या जागी सळई वापरून ती आणखी पसरवली. सर्जननी अशी किती केली आहेत, हे मात्र सरळ विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

फिजिओ_नाशिक

ताईंनी लिहिलेलं अगदी बरोबर. मी थोडी भर घालतो.

आमवाताची औषधं स्वतःहून बंद करू नका, विशेषतः स्टिरॉइड. कुठलं थांबवायचं आणि कुठलं चालू ठेवायचं हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि आमवाताचे डॉक्टर मिळून ठरवतील. गोळ्यांची यादी आणि जुनी चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर ती पहिल्यांदा सांगा.

अंथरुणातून उठायची रीत आत्ताच शिकवा: आधी ओंडक्यासारखं संपूर्ण कुशीवर, मग पाय खाली, मग हाताच्या रेट्यानं उठायचं. ऑपरेशननंतर हेच करायचंय, आधी सवय असली की बरं पडतं. डोक्यावर हंडा, पाटी, सरपण काही नको, आताही नको. बसमध्ये मागच्या सीटवर बसवू नका.

घरी आल्यावर ताप, जखमेतून पाण्यासारखा स्राव, हातापायात नव्यानं अशक्तपणा, लघवी अडणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बार्शीकर

ताई, दादा, काल जाऊन आलो. फक्त दोन मणके जोडणार, कवटी नाही. सीटी अँजिओ गुरुवारी आहे. डॉक्टरांनी आईचे हात तपासले तर मूठ झटपट उघड-मीट करताना ती दमली, उजव्या हाताला जास्त. घरात आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाकरी थापताना कड फाटते म्हणून ती पिठाला दोष देत होती. तुमचं जात्याचं तिला वाचून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. मशेरीचा डबा मी नेऊन टाकला, त्यावरून दोन दिवस बोलत नाहीये. निघताना तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, केस किती कापणार. ते हसून म्हणाले बघू. ती त्यावरच अडलीय.

शिवणवाली_फलटण

दादा, ते हसण्यावारी नेऊ नका. माझ्या मानेवरचे, कानामागच्या रेषेपर्यंतचेच काढले होते, वरचे केस सोडले तर झाकलं जायचं. आदल्या संध्याकाळी नणंदेनं घट्ट वेणी घालून वर बांधून दिली होती, म्हणजे उरलेले मध्ये आले नाहीत. वर्षात अंबाडा आला. आईला माझा नंबर हवा असेल तर निरोप करा, मी बोलेन तिच्याशी.