अनुभव धागा: फूटीचा उन्हाळी सराव, कुंपणाला टेकून

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर अंतिम सामना होतो, लाखभर माणसं घरी जातात आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा म्हणजे आपल्या फूटीचा हंगाम संपतो. पुढचा सामना थेट मार्चमध्ये. मधल्या महिन्यांत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, क्लबांचा सराव चालतो. नोव्हेंबरात आधी पहिल्या ते चौथ्या वर्षाची पोरं येतात, मग जुने जाणते, नाताळची सुट्टी झाली की जानेवारीत पुन्हा सगळे. यातला बराचसा सराव कुणालाही फुकट बघता येतो. आपल्यातले कितीतरी जण तो बघायला जातात हे यंदा गणपतीच्या गप्पांत कळलं, म्हणून हा धागा काढते आहे. कुठे जाता, काय बघता, आणि गुण-निकाल काहीच नसताना पुन्हा पुन्हा जावंसं का वाटतं, ते मोकळेपणाने लिहा.

नव्यांसाठी दोन ओळी. अठरा-अठरा जणांचा खेळ, लंबगोल चेंडू, लंबगोलच मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथ मारून चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला की 1. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा.

सुरुवात मीच करते. माझं मैदान मेलबर्नच्या फुट्सक्रे उपनगरातलं व्हिटन ओव्हल. वेस्टर्न बुलडॉग्ज तिथे सराव करतात. आपली किराणा दुकानं जवळच आहेत, त्यामुळे पिशवी हातात घेऊनच मी कुंपणाशी उभी असते. दाराशी क्लबचा जुना नामांकित खेळाडू टेड व्हिटन याचा पुतळा आहे. 1989 मध्ये कर्जापायी हा क्लब फिट्झरॉय क्लबमध्ये विलीन करायचं ठरलं होतं. आयरिन चॅटफील्ड नावाच्या समर्थक बाई कोर्टात गेल्या, थोडी मुदत मिळाली, आणि तेवढ्यात वस्तीतल्या लोकांनी देणगीचे डबे हलवत, दारोदार फिरून पैसे उभे केले. क्लब वाचला. सरावाला येणाऱ्या वयस्कर बायकांपैकी काहींनी तेव्हा स्वतः डबे फिरवलेत. मी लालबागची. गिरण्या गेल्या तेव्हा वस्तीतून त्यांच्याबरोबर काय काय गेलं ते मी पाहिलं आहे. म्हणून कामगार वस्तीने आपला क्लब हातचा जाऊ दिला नाही, हे ऐकताना माझा कंठ दाटतो. सराव संपल्यावर कप्तान बोंटेम्पेली डाव्या पायाने एकाच कोनातून गोल मारत राहतो आणि या बायका प्रत्येक लाथेला मनापासून दाद देतात. मीही देते.

आता तुम्ही लिहा.

— लालबागची_लेक


रात्रपाळी

मी नर्स आहे. रात्रपाळी संपली की चालत गॉशेस पॅडॉकला जाते. त्याला ना फाटक, ना भिंत. सार्वजनिक बागच ती, पंट रोडच्या कडेला. लोक कुत्री फिरवतात, सायकलवाले जातात आणि मधल्या हिरवळीवर मेलबर्न क्लब, म्हणजे डेमन्स, सराव करतात. या खेळाचे पहिले नियम 17 मे 1859 ला लिहिले गेले ते याच क्लबच्या लोकांनी, आणि त्याच क्लबची पोरं आज माझ्यापासून दहा पावलांवर पळताहेत, याचं मला अजून नवल वाटतं. टीव्हीवर आवाज कळत नाही. इथे कळतो. चेंडूवर बूट नीट बसला की खणखणीत आवाज येतो, जरा चुकला की बद्द. आणि बोलणं केवढं! प्रत्येक जण दुसऱ्याला सतत सांगत असतो, मागे कोण आहे, वेळ आहे की नाही, कुठे द्यायचं. आयसीयूत आम्हीही असंच बोलतो. हातात काम असलेल्याला मागचं दिसत नाही, ते दुसऱ्याने सांगायचं असतं.

2021 मध्ये डेमन्सनी 57 वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं. मेलबर्न टाळेबंदीत होतं, सामना पर्थला झाला. आयुष्यभर वाट पाहिलेल्या लोकांनी तो घरात बसून पाहिला. मी तेव्हा कोविड वॉर्डात होते. डिसेंबरात हीच मुलं बागेत पळायला आली तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी टोपी काढून टाळ्या वाजवल्या. त्यांना तेवढंच मिळालं, आणि ते त्यावर फार खूश होते.


सांधेजोड

मी फिजिओ, आणि माझे डोळे मुख्य गटावर नसतातच. मैदानाच्या कडेने चार-पाच जण वेगळे पळत असतात, तो दुखापतीतून उठणाऱ्यांचा गट. ज्याला हे काम शिकायचंय त्याने तिथे उभं राहावं.

गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला की परत यायला साधारण 9 ते 12 महिने लागतात. नोव्हेंबरात तो मुलगा सरळ रेषेत पळतो. पुढे कधीतरी वळणावर पळायला लागतो. मग अचानक थांबून दिशा बदलणं. मग उडी मारून एका पायावर उतरणं, आणि फूटीत हेच सगळ्यात अवघड, कारण उंच चेंडू झेलताना अंगावर दोघे-तिघे असतात आणि उतरायला जागा आपल्या मनासारखी मिळत नाही. शेवटी धक्काबुक्की. कुठली पायरी कधी ओलांडली हे बातमीत येत नाही. कुंपणाशी उभा असलेल्याला मात्र ते दिसतं. पाठीवर, दोन खांद्यांमध्ये जो उंचवटा दिसतो ते जीपीएसचं यंत्र. कॅटपल्ट ही ते बनवणारी कंपनी मेलबर्नचीच, 2006 ची. मधल्या फळीतला खेळाडू सामन्यात 12 ते 15 किलोमीटर पळतो, त्यामुळे आठवड्याला किती पळवायचं हा हिशेब फार जपून करावा लागतो. जास्त झालं तर मांडीचा मागचा स्नायू जातो, या खेळातली सर्वांत नेहमीची दुखापत ती.

लालबागच्या ताई, तुमच्याच क्लबचा कप्तान बॉब मर्फी 2016 च्या हंगामाच्या सुरुवातीलाच गुडघा दुखावून बाहेर बसला. त्याच वर्षी बुलडॉग्ज 62 वर्षांनी जिंकले. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने व्यासपीठावर स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. माझे रुग्ण निराश झाले की मी त्यांना हे सांगतो. मर्फी त्यानंतर पुन्हा खेळला, हेही सांगतो.


लालबागची_लेक

सांधेजोड, ते मी टीव्हीवर पाहिलं होतं. आमच्या कुंपणाशी अजूनही आठवड्यातून एकदा तरी त्या पदकाचा विषय निघतोच.


चढाई

सांगलीकडची. शाळा-कॉलेजात कबड्डी, उजवा कोपरा. त्यामुळे सरावात मला सगळ्यात आवडतो तो टॅकलचा भाग.

इथे पकड खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. म्हणजे माझा हुकमी घोटा बाद! कंबर आणि हात हेच खरं लक्ष्य. हात का, तर चेंडूवाल्याला ठोसून देता येऊ नये म्हणून. चेंडू सोडायला पुरेशी संधी मिळूनही तो पकडीत तसाच अडकला तर फ्री किक पकडणाऱ्याला. सरावात हे गाद्यांवर आणि जोडीजोडीने घोटवून घेतात. डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, कुठला पाय आधी टाकायचा, पाडताना समोरच्याचं डोकं आपटू नये म्हणून अंग कसं वळवायचं. शेवटच्या गोष्टीवर अलीकडे फार भर असतो आणि तो असायलाच हवा. आमच्या वेळी मातीच्या मैदानावर हे कुणी शिकवलं असतं तर माझ्या एका मैत्रिणीचं मनगट आज सरळ असतं.

मी महिलांचा सराव बघायला जाते, लेकीला घेऊन. ती ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटी वर्गाला जाते. महिलांचा हंगाम हल्ली ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतो, म्हणून त्यांची तयारी कडाक्याच्या थंडीत चालते. बोटं गारठलेली, चेंडू ओला, आणि तरी झेल सुटत नाहीत. मैदानात अठरा नाही, सोळा असतात. 3 फेब्रुवारी 2017 ला प्रिन्सेस पार्कवर महिला लीगचा पहिला सामना झाला, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड. 24,568 लोक आत, आणि दारं बंद करावी लागली. त्या दिवशी बाहेर राहिलेल्या एक बाई आम्हाला सरावाला भेटतात. पहिल्या सामन्यातल्या मुली बघायला मिळाल्या नाहीत म्हणून आता एकही सराव चुकवत नाही, म्हणतात.

लेकीला सराव संपल्यावर एका खेळाडूने चेंडू धरायचा कसा ते गुडघे टेकून दाखवलं. शिवण कुठे, बोटं कुठे, पायावर सोडायचा किती उंचीवरून. मला माझ्या खेळात इतक्या वरच्या पातळीवरची बाई वीस वर्षांची होईपर्यंत जवळून दिसली नव्हती. लेकीला आठव्या वर्षी दिसली.


पर्थकर

आमच्याकडे थोडक्यात: क्लब फ्रीमँटल, सराव कॉबर्नला. क्लबचा तळ आणि लोकांचा पोहण्याचा तलाव एकाच संकुलात आहेत, 2017 पासून. पोरांना पोहायला सोडा आणि सराव बघा. सकाळी लवकर जा. दुपारी समुद्रावरून वारा येईपर्यंत ऊन भाजून काढतं. 1995 पासून लीगमध्ये आहोत, अजिंक्यपद अजून एकही नाही. येईल.


नाशिकचे आजोबा

मुलाकडे उन्हाळाभर मुक्काम असतो. घरातली सगळी कामावर गेली की मी घडीची खुर्ची घेऊन मुराबिनला जातो. तेथे सेंट किल्डा क्लबचा सराव असतो. नाशिकला असताना गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजीचे सामने मी असेच सकाळपासून बसून पाहिले आहेत. मोठ्या सामन्यापेक्षा तेथे खेळाडू जास्त समजतो, असे माझे मत आहे.

माझ्या शेजारी एक स्थानिक गृहस्थ बसतात. वय ऐंशीच्या पुढे. सेंट किल्डाने आजवर एकच अजिंक्यपद जिंकले, 1966 साली, एका गुणाने. 74 विरुद्ध 73. बॅरी ब्रीनच्या लाथेवर तो शेवटचा एक गुण मिळाला. हे गृहस्थ त्या दिवशी मैदानात होते. त्यांनी मला तो चेंडू कसा टप्पे खात गेला ते हाताने दाखविले. त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात ते नवी मुले पाहायला येतात. माझे इंग्रजी कामापुरते, त्यांचे उच्चार मला सगळे कळत नाहीत, परंतु चेंडू डाव्या पायाने चांगला गेला की आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहतो.

नुकत्याच निवडलेल्या मुलांकडे त्यांचे विशेष लक्ष असते. निवड नोव्हेंबरात होते आणि थोड्याच दिवसांत ती अठरा वर्षांची मुले मैदानावर असतात. पुष्कळ जण दुसऱ्या राज्यातून, घर सोडून आलेले. दोन किलोमीटरच्या शर्यतीत जुने खेळाडू सहा मिनिटांच्या आसपास येतात, मागे राहिलेल्या पोराबरोबर कुणीतरी मोठा पुन्हा मागे जाऊन पळतो. मी स्वतः अठराव्या वर्षी गाव सोडून नोकरीला लागलो. माझ्याबरोबर मागे येऊन कोण चालले होते, त्या माणसाचे नाव मला अजून पाठ आहे.


वहीवाला

आजोबा, दंडवत. मी इथला सर्वांत जुना बघ्या असेन. आमच्यासारख्यांना इथे ट्रॅक वॉचर म्हणतात आणि मी ते बिरुद मानाने मिरवतो.

क्लब कॉलिंगवुड. मैदान ऑलिंपिक पार्कचं. जुनं स्टेडियम पाडून ते केलं. 1956 मध्ये धावपटू जॉन लँडी ऐन शर्यतीत पडलेल्या रॉन क्लार्कला उठवायला मागे वळला, ते याच ठिकाणी.

मी काय टिपतो? आधी कोण आलंय, कोण नाही. मग कोण कुठल्या गटात. बचावाचे लोक एकत्र काम करत असताना एखादा आघाडीचा खेळाडू त्यांच्यात दिसला तर दोनदा अधोरेखित, कारण त्याला मागे खेळवायचा विचार चालू आहे. रकमन, म्हणजे उंच उडून चेंडू थोपटणारे, कुणाबरोबर जोडी करतात तेही. जानेवारीत आपापसातले सामने सुरू झाले की कुठल्या रंगाच्या जाळीदार बनियनमध्ये कोण, हे सगळ्यात महत्त्वाचं. पाठीवर नंबर नसला तरी अडत नाही. पळण्याच्या ढबीवरून माणूस ओळखता येतो, त्याला वेळ द्यावा लागतो.

नंबरांवरून आठवलं. 35 नंबर पीटर डेकोसचा. आता तो त्याचा मुलगा निक घालतो. बापाने एका क्लबकडून 100 सामने खेळले असतील तर त्या क्लबला मुलाला आधी घेता येतं, असा इथला नियम आहे. यावर टीका होते, तळाच्या क्लबांवर अन्याय होतो म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी मला हा नियम हवा आहे. माझ्या वहीच्या जुन्या पानांवर ज्यांची नावं आहेत त्यांची मुलं नव्या पानांवर येताना बघणं, याला मी कशाशीही बदलणार नाही.

पण सगळ्यात जास्त पानं 10 नंबरची, स्कॉट पेंडलबरीची. मूळचा बास्केटबॉलचा, 2006 पासून या क्लबचा, 2024 मध्ये 400 सामने पूर्ण. गर्दीत चेंडू हातात आला की बाकीचे घाई करतात, हा थांबतो. सामन्यात ते उपजत वाटतं. सरावात त्यामागचं काम दिसतं: साधा ठोसा, डाव्या हाताने, उजव्या हाताने, समोर नवखा पोरगा, आणि चेंडू त्याच्या छातीवर नाही तर तो जिथे पोचणार आहे तिथे. चुकला की पुन्हा. इतक्या वर्षांनंतरही पुन्हा. मी शिक्षक आहे, गणित शिकवतो. यासाठी जातो मी.


नवा_टार्नेटकर

सगळं वाचून काढलं. पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचंय. काही विचारावं-कळवावं लागतं का? फोटो चालतात?


वहीवाला

कळवावं लागत नाही. सराव खुला आहे की बंद ते क्लबच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघ, उष्णता जास्त असेल तर वेळ बदलते. फोटो चालतात, पण डावपेच चालू असताना चित्रण करू नका असं काही क्लब सांगतात, ते पाळायचं. टोपी, सनस्क्रीन, पाणी. मुलाला गोलच्या मागे उभा कर, चेंडू तिकडेच येतात आणि परत फेकायची संधी मिळते. सही हवी असेल तर मार्कर आपला न्यायचा.


लालबागची_लेक

टार्नेटहून व्हिटन ओव्हल सगळ्यात सोयीचं. मंगळवारी या, मी असेन. आणि जीलाँग, ॲडलेड, सिडनीकरांनो, तुमच्याकडचं अजून कुणीच लिहिलेलं नाही. वाट बघते आहे.