धडधड, खडखड की घरघर? ट्रकच्या इंजिनाच्या आवाजासाठी शब्द हवा

प्रश्न:
एका कथेचं संपादन करतो आहे. काळ आजचा, ट्रक नवाकोरा, सहा सिलिंडरचा. लेखकाने लिहिलंय, 'ट्रक दाराशी धडधडत उभा होता.' मला ते खटकलं. आताचे ट्रक उभे असताना असे वाजत नाहीत. 'घरघरत' करावं, तर 'घरघर लागणे' आठवतं आणि इंजिन शेवटच्या घटका मोजतंय असं वाटतं. कोणता शब्द बसेल?

प्रतिसाद:
धडधडच ठेवा. वाचकाला कळतं.

प्रतिसाद:
कळतं, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा ट्रक डोळ्यासमोर येतो. मुळात इथे दोन आवाजांची गल्लत होते आहे.

धडधड म्हणजे सिलिंडर एकामागून एक पेटल्याचा आवाज. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून सहा सिलिंडरना एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. ट्रक उभा असताना मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३० ठोके. हे गणित जुन्या ट्रकला होतं तेच नव्यालाही आहे. इतके ठोके कानाला सुटे मोजता येत नाहीत, पण छातीत जाणवतात. फेरे २१०० वर गेले की सेकंदाला १०५ होतात, मग ठोका उरत नाही, सलग सूर होतो.

गेली आहे ती खडखड. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत इंधन फवारलं की ते आपोआप पेटतं, पण पेटायला किंचित उशीर लागतो. तेवढ्यात साचलेलं इंधन एकदम भडकतं, दाब झटक्यात चढतो आणि अख्खा ब्लॉक हातोडा बसल्यासारखा वाजतो. यालाच नॉकिंग म्हणतात. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच सामाईक नळीतून जबर दाबाचं इंधन पुरवणारी यंत्रणा, आल्यावर हे बदललं. १९९५ मध्ये जपानमध्ये हिनोच्या ट्रकवर डेन्सो कंपनीची अशी यंत्रणा आली. संगणकाच्या हुकमाने मुख्य फवाऱ्याच्या आधी चिमूटभर इंधन सोडता येऊ लागलं. ते आधी पेटून सिलिंडर तापवतं, मग मुख्य इंधनाला साचायला सवडच मिळत नाही. गंमत म्हणजे फवाऱ्याचा दाब आता २००० बारच्याही वर गेलाय, तरी आवाज मऊ झालाय.

तेव्हा 'धडधड' अगदीच चूक नाही. 'खडखड' मात्र चूक ठरेल.

प्रतिसाद:
आणि सगळे जुने ट्रक धडधडायचे हेही खरं नाही. डेट्रॉइट डिझेलची १९३८ पासूनची ७१ मालिका टू-स्ट्रोक होती. प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला पेटणार. आठ सिलिंडर, २१०० फेरे, म्हणजे सेकंदाला २८० स्फोट. वर हवा ढकलणाऱ्या ब्लोअरचं विव्हळणं वेगळंच. अमेरिकन ड्रायव्हर या इंजिनांना 'स्क्रीमिंग जिमी' म्हणत. तिथे धडधड लिहिणारा लेखक ते ऐकलेला नाही असं खुशाल समजावं. किंचाळणं हाच शब्द. धुराचे नियम कडक झाले आणि नव्वदच्या दशकात रस्त्यावरच्या नव्या ट्रकमधून ही इंजिनं गेली.

प्रतिसाद:
'तडतड' विसरू नका! उतारावर जेक ब्रेक, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर ट्रक रोखणारा ब्रेक, लावला की होते ती. हवा दाबून झाल्यावर ऐन वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, दाबलेली हवा फाडकन बाहेर. १९६१ पासून आहे हे. ही तडतड एवढी कर्कश की अमेरिकेत कित्येक गावांच्या वेशीवर इंजिन ब्रेक वापरू नका अशा पाट्या आहेत.

प्रतिसाद:
कायद्याचाही हात आहे यात. युरोपात सर्वांत दणकट ट्रकना १९७० मध्ये ९१ डेसिबलची मुभा होती. १९९६ मध्ये ती ८० वर आली. अकरानेच कमी वाटेल, पण मोजमाप लॉगरिदमिक आहे, म्हणजे दर दहा डेसिबलला ऊर्जा दहापट बदलते. ध्वनीची ऊर्जा बाराव्या हिश्शाहून खाली येते. मग इंजिनाभोवती आवरणं आली, काजळी अडवणारे फिल्टर आले आणि ते सायलेन्सरचंही काम करू लागले. हमरस्त्यावरचे फेरेही ११००-१२०० वर उतरले. आता वेगात चाललेल्या ट्रकचा जो घोंगावणारा आवाज येतो, त्यात बराच वाटा टायरचा असतो.

प्रश्नकर्ता:
म्हणजे धावता ट्रक 'घोंगावत गेला' चालेल. उभ्याचं काय? 'गुणगुणत' कसं वाटतं?

प्रतिसाद:
नको हो. गुणगुण भुंग्याची, नाहीतर मनात गाणं घोळणाऱ्याची. तेरा लिटरच्या इंजिनाला ती फारच नाजूक. 'गुरगुरत' घ्या. आवाज खोल आहे, दबलेला आहे, आणि मागे ताकद आहे हे कळतं. टर्बोसाठी 'शीळ' आणि ब्रेकची हवा सुटते त्यासाठी 'फुस्स' आहेतच.

प्रतिसाद:
गुरगुरला माझंही मत. फक्त कथेत थंडीची पहाट असेल तर सांगा. गार इंजिनात इंधन पेटायला उशीर होतो, म्हणून नव्या ट्रकलाही पहिली काही मिनिटं थोडी खडखड असते.

प्रश्नकर्ता:
पहाटच आहे! लेखकाला असं सुचवतो: 'ट्रक खडखडत सुरू झाला आणि गरम झाल्यावर नुसता गुरगुरत उभा राहिला.'

प्रतिसाद:
'नुसता' काढा.