अनुस्वार खाणारी सफाई

स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंची ई-बुक रीडरवर वाचवत नाही, तर ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन) मजकूरच वेगळा काढा, असा सल्ला दिला जातो. छपाई स्वच्छ असेल तर ठीक. जुन्या खिळ्यांच्या छपाईत मात्र टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्राम जोडाक्षरांवर अडखळतं आणि वाचन बाजूला राहून मुद्रितशोधनच सुरू होतं.

त्यापेक्षा केटूपीडीएफऑप्ट (k2pdfopt) हा प्रोग्राम वापरून बघा, फुकट आहे. ते अक्षरं ओळखायच्या भानगडीत पडत नाही. मधली मोकळी जागा बघून शब्दाशब्दाचे तुकडे करतं आणि पडद्याच्या रुंदीत ती चित्रंच पुन्हा रचतं. शिरोरेघेमुळे देवनागरी शब्द सहसा मधेच तुटत नाही, हा आपला फायदा. दोन स्तंभांची पानंही सुटी होतात. तक्ते आणि कविता मात्र त्याच्या हाती देऊ नका, ओळींची पार वाट लागते. (कोरीडर या वाचनाच्या ॲपमध्ये हीच सोय आतच आहे, पण पान उलटताना जरा रेंगाळतं.)

आधी स्कॅन टेलर या स्कॅन साफ करायच्या प्रोग्राममधून पानं सरळ करून समास छाटून घ्या, कारण तिरक्या पानावर ओळी एकमेकींत घुसतात. तिथली डाग काढायची सेटिंग जपून वापरा. मी एकदा ती सगळ्यात जोरात ठेवली, तर डागांबरोबर अनुस्वारही साफ! 'रंग'ची 'रग' झालेली लगेच कळते. पण 'त्यांचा'चं 'त्याचा' झालेलं चाळीस पानं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.