मदत हवी आहे: बेन्झाथीन पेनिसिलिन १२ लाख युनिट इंजेक्शन कुठे मिळेल? (बार्शी / सोलापूर / धाराशिव / लातूर)

नमस्कार मंडळी,

बेन्झाथीन पेनिसिलिन १२ लाख युनिटचं इंजेक्शन, ज्याला मेडिकलवाले पेनिड्युर किंवा नुसतं एलए १२ म्हणतात, ते सध्या कुणाला कुठे मिळतंय का? मी बार्शीत राहते. कुठल्याही कंपनीचं चालेल. सोलापूर, धाराशिव, लातूरला येऊन घेऊन जाईन. पुण्यात मिळत असेल तर तेही कळवा, भाऊ तिकडेच असतो.

मला शाळेत असताना रुमॅटिक फीवर झाला आणि हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. तेव्हापासून दर २१ दिवसांनी हे इंजेक्शन घेते. घशात पुन्हा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संसर्ग झाला की हा ताप उलटू शकतो आणि झडप आणखी बिघडते, म्हणून चाळिशीपर्यंत तरी थांबवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पुढची तारीख येत्या शुक्रवारी आहे. इथली सगळी दुकानं पालथी घातली, "वरूनच माल येत नाही" यापलीकडे उत्तर नाही.

एका दुकानदाराने "हे घ्या, पेनिसिलिनच आहे" म्हणत एक कुपी पुढे केली. लेबलवर होतं बेन्झाइल पेनिसिलिन, १० लाख युनिट. कृपा करून असं कुणी घेऊ नका! बेन्झाइल काही तासांत शरीरातून निघून जातं. बेन्झाथीन स्नायूत साठून राहतं आणि तीन-चार आठवडे हळूहळू रक्तात उतरतं. आपल्याला ते हवं असतं. घाईत नावं सारखीच वाटतात, तेव्हा पैसे देण्याआधी लेबल वाचाच.

इंजेक्शन मिळेपर्यंत डॉक्टरांनी पेनिसिलिन व्ही २५० मि.ग्रॅ. गोळ्या दिवसातून दोनदा घ्यायला सांगितल्यात. त्याही जेमतेम मिळाल्या. कुणी महिनोन्महिने गोळ्यांवर काढलेत का? एखादी गोळी चुकली तर संरक्षण तुटतं, म्हणून धास्ती वाटते.

दुसरी अडचण टोचून घेण्याची. रिअॅक्शनच्या भीतीने बरेच खासगी डॉक्टर नाहीच म्हणतात. शिवाय पावडर दाट कालवली जाते, सुई मध्येच तुंबते, सवयीचा हात लागतो. सोलापूर किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात बाहेरून आणलेली कुपी टेस्ट डोस देऊन टोचतात का? कुठल्या विभागात, कोणत्या वारी जायचं?

औषध महाग असतं तर कर्ज काढलं असतं. हे स्वस्त आहे आणि म्हणूनच मिळत नाही, याचा फार संताप येतो. किमतीवर मर्यादा, कच्चा माल जगात मोजक्याच कारखान्यांत, मग बनवणार कोण? ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) कंपन्यांना बनवणं परवडत नाही म्हणून आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्यांत बेन्झाइल पेनिसिलिन होतं. बेन्झाथीनसाठी आपण पेशंटनी मिळून तिथे तक्रारी कराव्यात असं मला वाटतं. औषध मिळत नसल्याची तक्रार करून कुणाकडे माल आल्याचा अनुभव आहे का?

मला एकच कुपी हवी आहे, साठा करायचा नाही. कुणाच्या लहान लेकराचा डोस अडला असेल तर आधी त्याला द्या, लहान वयात ताप उलटण्याचा धोका जास्त असतो. माहिती इथेच लिहा म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर प्रिस्क्रिप्शन लगेच पाठवते.