बीपी चढलं तरी पेशंट दगावला: नायट्रिक ऑक्साइड अडवायचं की नाही?

रात्रपाळी:
संसर्ग विकोपाला जाऊन होणाऱ्या सेप्टिक शॉकमध्ये शरीरात नायट्रिक ऑक्साइडचा पूर येतो, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी कोसळतं. मग ते बनवणारं एन्झाइमच अडवावं, ही कल्पना कागदावर झकास होती. एल-एनएमएमए या औषधाची मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली, ७९७ रुग्णांची. बीपी चढलं. पण २८ दिवसांत औषधवाल्या गटातले ५९ टक्के दगावले, प्लासिबो (नुसतं दिखाऊ औषध) घेतलेल्यांतले ४९ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवली. माझ्या लेखी विषय तिथेच मिटला. तरी नॉरअ‍ॅड (बीपी चढवणारं औषध) वाढत गेलं की राउंडला कुणीतरी मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाचं नाव काढतंच.

नळदुरुस्ती:
मिटला कसा? संसर्गात बेभान होणारं एन्झाइम वेगळं, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात एरवी गुमान काम करणारं वेगळं. या औषधाने दोघांचाही गळा धरला. एका घरचा नळ गळतोय म्हणून अख्ख्या वाडीचं पाणी तोडलं, आणि आता म्हणे दुरुस्तीच नको! शिवाय त्याच चाचणीत अनेक अवयव निकामी होऊन झालेले मृत्यू औषधवाल्यांत कमी होते. ते का गाळलंत?

रात्रपाळी:
गाळलं नाही. हृदयाने गेलेले जास्त होते ना! तिसऱ्या दिवशी हृदय थांबलं तर दहाव्या दिवशी किडनी जाणार कुठून? फुप्फुसातला दाब वाढला, हृदयाकडून पुढे जाणारं रक्त घटलं. मॉनिटरवर मीन (सरासरी बीपी) ६५ च्या वर असून उपयोग काय?

आयसीयू_सिस्टर:
मिथिलीन ब्लूला यात ओढू नका. ते मुख्यतः एक पायरी पुढे, नायट्रिक ऑक्साइडच्या इशाऱ्यावर वाहिन्या सैलावणाऱ्या ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमवर काम करतं. मेक्सिकोतल्या २०२३ च्या चाचणीत ते रोज १०० मिग्रॅ, असं तीन दिवस दिलं. व्हासोप्रेसर (बीपी चढवणारं औषध) साधारण ९४ ऐवजी ६९ तासांत सुटलं. आमच्याकडे एकदा दिलं तेव्हा लघवी हिरवी, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन सॅच्युरेशन उगाच घसरलेलं, नातेवाईक हवालदिल. नॉरअ‍ॅड मात्र उतरलं.

रात्रपाळी:
आणि मृत्यूत ठोस फरक? नव्हता. रुग्ण अवघे ९१. जी६पीडी हे रक्तपेशी जपणारं एन्झाइम कमी असेल तर मिथिलीन ब्लूने रक्तपेशी फुटतात, आणि रात्री दोनला तो रिपोर्ट कोण देतं?

नळदुरुस्ती:
मग ९१ चे हजार करा, लवकर सुरू करून बघा. एल-एनएमएमएचं पाप मिथिलीन ब्लूच्या माथी कशाला?

रात्रपाळी:
चाचणीत करा की, मी मदतीला येतो. परवा राउंडला ‘देऊन तर बघू’ म्हणून मिथिलीन ब्लू मागवलं, ती चाचणी नव्हती.